रानांतून नाहींसे झालेले वाघ

आपल्या खेड्यापाड्यांत कोणी माणूस सायंकाळपर्यंत घरीं परतला नाहीं, म्हणजे काय होतें हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. प्रथम घरचीं माणसें पांदणीपर्यंत जाऊन हाका मारतात. मग शेजारी बॅटऱ्या व काठ्या घेऊन निघतात, पोलीस-पाटलास वर्दी जाते, आणि दुसऱ्या दिवशीं ठाण्यांत त्याचें नांव, वय, वर्ण व अंगावरील कपडे हीं लिहून घेतलीं जातात. हरवलेल्या मनुष्यास निदान एक नांव असतें, व त्याची वाट पाहणारें कोणी तरी असतें. परंतु रानांतील एखादा प्राणी नाहींसा झाला, तर तो हरवला असें म्हणावयाचें कोणीं, केव्हां, आणि कशावरून? यवतमाळ जिल्ह्यांत व विदर्भाच्या इतर रानांत अलीकडच्या वर्षांत हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला आहे. कारण येथील कित्येक ओळखीचे वाघ एकाएकीं दिसेनासे झाले. त्यांपैकीं कांहींचा पुढें पत्ता लागला, आणि तो असा लागला कीं ऐकणारानें थक्क व्हावें. एका प्रख्यात वाघाचा मात्र लागलेला नाहीं. हे वाघ गेले कोठें, व तें शोधून काढण्याची विद्या कोठवर पोहोंचली आहे, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम घराजवळचें रान पाहूं. केळापूर व घाटंजी या तालुक्यांत टिपेश्वर नांवाचें अभयारण्य आहे. तें १९९७ सालीं घोषित झालें. त्याचें क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर. म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू सुमारें बारा किलोमीटर आहे असा एक चौकोन काढावा, जवळजवळ तेवढें. साग, तेंदू व मोह यांचें हें रान उन्हाळ्यांत पानगळीनें उघडें पडतें आणि पावसाळा लागतांच दाट होतें. रान संपतें तेथें लागलीच पऱ्हाटीचीं व तुरीचीं शेतें सुरू होतात. त्यांच्या आसपास लहान गांवें आणि कोलाम लोकांच्या पोडांची वस्ती. दक्षिणेस पैनगंगा, व तिच्या पलीकडे तेलंगणांतील आदिलाबाद जिल्हा. नकाशावर हें अभयारण्य हिरव्या ठिपक्यासारखें दिसतें, आणि वाघाच्या दृष्टीनेंही तें ठिपक्याएवढेंच आहे.

वाघाचें पिल्लूं सुमारें दोन वर्षें आईजवळ राहतें. पुढें आई त्यास आपल्याजवळ राहूं देत नाहीं, आणि ज्या मोठ्या नराची ती हद्द असते तो तरुण नरास थारा देत नाहीं. मादी पुष्कळदां आईच्या शेजारींच आपली जागा धरते. नरास मात्र दूर जावें लागतें. टिपेश्वरांत चितळ, रोही व रानडुक्कर विपुल असल्यामुळें पिल्लें जगतात, वाढतात, आणि मग जागा अपुरी पडते. त्यामुळें कांहीं तरुण वाघ येथून निघून जावेत हें निसर्गक्रमास धरूनच आहे. अडचण एवढीच कीं, आपल्या पायांनीं चालत गेलेला वाघ आणि मारला गेलेला वाघ, या दोघांची मागें उरलेली जागा सारखीच रिकामी दिसते.

एक वाघ दुसऱ्यापासून ओळखतात कसा, हें कळल्याविना पुढील कथा नीट समजणार नाहीं. कोणत्याही दोन वाघांच्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखीच ही गोष्ट आहे. इतकेंच नव्हे, तर एकाच वाघाच्या उजव्या व डाव्या कुशीवरील पट्टेही भिन्न असतात. म्हणून रानवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दोन कॅमेरे बांधून ठेवतात. समोरून उबदार देहाचा प्राणी गेला कीं कॅमेरा आपोआप चित्र घेतो. त्यांत गुराखी येतो, अस्वल येतें, भटकें कुत्रें येतें, आणि एखाद्या रात्रीं वाघ येतो. दोन्ही कुशींचीं चित्रें मिळालीं कीं तो वाघ दफ्तरीं दाखल झाला. २००६ सालापासून दर चार वर्षांनीं देशांतील वाघांची गणना होते, ती मुख्यतः या चित्रांच्या आधारें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं ३१२ व २०२२ सालीं ४४४ वाघ असावेत असा अंदाज त्या गणनेंतून निघाला.

त्यापूर्वींची रीत पावलांच्या ठशांची होती. वाटेवर उमटलेलें पाऊल कांचेवर गिरवून घ्यावयाचें, किंवा त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून सांचा करावयाचा, आणि सांचे जुळवून वाघ मोजावयाचे. जुन्या वनरक्षकांचें यांतील कसब मोठें होतें यांत शंका नाहीं. परंतु एकच वाघ ओल्या चिखलांत एक ठसा उमटवितो व कोरड्या धुळींत दुसरा. आणि वरिष्ठांस मोठा आंकडा आवडतो हें एकदां ठाऊक झालें कीं एका वाघाचे दोन होण्यास वेळ लागत नाहीं. राजस्थानांतील सरिस्का येथें काय झालें तें सर्व देशानें पाहिलें. २००४ सालच्या सुमारास तेथील दफ्तरीं सोळांच्या आसपास वाघांची नोंद होती. २००५ च्या आरंभीं रान धुंडाळलें तेव्हां एकही मिळाला नाहीं. शिकारचोरांनीं ते संपविले होते. वाघ रानांतून गेले होते, वहींतून मात्र गेले नव्हते.

वहींतील नोंद खोटी असली तर शोध कसा भलतीकडे जातो, याचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. वाघांचा विषय क्षणभर सोडून तें सांगतों. खानदेशांत वनपिंगळा नांवाचें एक लहानसें घुबड असे. १८८४ नंतर तें कोणास मिळालें नाहीं. रिचर्ड माइनर्त्सहागेन नामक एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपण १९१४ सालीं गुजराथेंत एक मिळविल्याचें नमूद केलें होतें, म्हणून पक्षिशास्त्रज्ञ तेथेंही शोधीत राहिले. तो नमुना वस्तुतः जुन्या संग्रहांतून चोरलेला व नवी चिठ्ठी लावलेला होता, हें पुढें पामेला रॅसमुसेन या अमेरिकन विदुषीनें उघडकीस आणलें. खोटें ठिकाण वगळून खऱ्या ठिकाणीं पाहूं जातांच, नोव्हेंबर १९९७ मध्यें शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं तो पक्षी दिवसाढवळ्या एका झाडावर बसलेला आढळला. एकशें तेरा वर्षें तो ‘नाहींसा’ होता; वास्तविक तो आपल्या झाडावरच होता.

आतां टिपेश्वरच्या वाघाकडे वळूं. कॅमेरा ज्या झाडास बांधला तेथलेंच चित्र देतो. वाघ ती वाट सोडून गेला कीं तो आंधळा होतो. यासाठीं वाघास बेशुद्ध करून त्याच्या गळ्यांत एक पट्टा बांधतात. त्यास रेडिओ कॉलर म्हणतात. तींतील यंत्र आकाशांतील उपग्रहांवरून आपलें स्थान ठरवितें व तें ठराविक वेळीं कळवीत राहतें. शिवाय जवळ असतां हातांत धरण्याच्या ॲंटेनानेंही त्याचा आवाज पकडतां येतो. या यंत्रास बॅटरी लागते, ती कधीं तरी संपते. धक्का बसला, पाणी शिरलें, किंवा कोणी तें तोडलें तरीही तें मुकें होतें. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

२०१९ च्या फेब्रुवारींत टिपेश्वरच्या एका तरुण नरास अशी कॉलर बांधण्यांत आली. त्याची आई टी-१ या खुणेनें दफ्तरीं असल्यानें तिचें पहिलें पिल्लूं म्हणून त्यास टी-१-सी-१ असें नांव पडलें. पुढें लोकांनीं त्यास ‘वॉकर’ म्हटलें. आमच्या मतें ‘पांथस्थ’ हें नांव त्यास अधिक शोभलें असतें. परंतु वर्तमानपत्रांनीं एकदां नांव ठेविलें म्हणजे बारसें पुन्हां होत नाहीं.

जूनमध्यें पावसाळ्याच्या तोंडावर त्यानें टिपेश्वर सोडलें. कॉलर नसती, तर त्याची कथा येथेंच संपली असती. दोनचार महिने तो कॅमेऱ्यांत आला नाहीं, वर्ष झालें, आणि अखेर ‘आढळत नाहीं’ असा शेरा पडला, एवढेंच आपणांस कळलें असतें. परंतु उपग्रह त्याच्यावर लक्ष ठेवून होते. तो कधीं पैनगंगेपलीकडे तेलंगणांत गेला, कधीं परत फिरला, नाल्यांच्या व नद्यांच्या कांठानें गेला, कधीं सडकेच्या कडेनें चालला. महाराष्ट्राचे सात जिल्हे त्यानें पालथे घातले. दिवसा तो झुडपांत किंवा उभ्या पिकांत पडून राही व रात्रीं चाले. पऱ्हाटी व तूर उंच वाढलेली असल्यानें त्यास आडोसा मिळाला. भूक लागली तेव्हां रानडुक्कर मारलें, कधीं गुरें मारलीं. एके ठिकाणीं तो झुडपांत विसांवा घेत असतां कांहीं लोक आंत शिरले व त्यांतील एकास दुखापत झाली. तेवढा प्रसंग सोडला तर या साऱ्या प्रवासांत त्यानें मनुष्यास उपद्रव दिला नाहीं. शेंकडों गांवांच्या शिवारांतून एक वाघ निघून गेला आणि बहुतेक गांवांस त्याचा मागमूसही लागला नाहीं!

डिसेंबर २०१९ मध्यें तो बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला, व थोडा इकडे तिकडे हिंडून मार्च २०२० पर्यंत तेथें स्थिरावला. नऊ महिन्यांत त्याची चाल ३,००० किलोमीटरांहून अधिक भरली, व त्याचें स्थान ५,००० हून अधिक वेळां नोंदलें गेलें. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें: दिवसास सरासरी अकरा किलोमीटर पडतात. टिपेश्वरपासून ज्ञानगंगा सरळ रेषेनें मोजलें तर सुमारें अडीचशें किलोमीटर भरेल. म्हणजे सरळ वाटेच्या बारापट तो चालला. त्याला कोठें जावयाचें हें ठाऊक नव्हतें. शिकार, पाणी, आडोसा व जोडीदारीण हीं चारही जेथें मिळतील अशी जागा तो शोधीत होता. भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब व त्यांचे सहकारी या प्रवासाचा अभ्यास करीत होते. ज्ञानगंगेंत त्यास पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या, चौथी मिळाली नाहीं. तेथें दुसरा वाघ नव्हता. एप्रिल २०२० मध्यें त्याची कॉलर काढून घेण्यांत आली, आणि त्याच्याशीं जोडलेला दररोजचा धागा तेथें तुटला.

त्याच्या वाटेनें दुसरेही गेले आहेत. मार्च २०२१ मध्यें त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील गौताळा अभयारण्यांत अनेक वर्षांनीं एक वाघ कॅमेऱ्यांत उमटला. पट्टे जुळवून पाहतां तो पांढरकवड्याकडील निघाला. डिसेंबर २०२४ मध्यें धाराशिव जिल्ह्यांतील येडशी-रामलिंग घाटांत वाघ दिसला. ज्या भागांत कित्येक दशकांत कोणीं वाघाची गोष्ट केली नव्हती, तेथें बार्शीपर्यंत एकच खळबळ उडाली. तोही टिपेश्वरचाच होता. सरळ रेषेनें तीनशें किलोमीटरांहून अधिक लांबून आला होता. त्यास पकडण्यासाठीं विदर्भांतून मोठें पथक गेलें, आणि पुष्कळ दिवस त्यानें त्यांस हुलकावणी दिली. टिपेश्वरच्या वहींत जो उणा, तोच धाराशिवच्या वहींत जमा, असा हा हिशेब आहे. दोन्ही वह्या एके ठिकाणीं ठेवून पाहणारा कोणी असेल तरच तो जुळतो.

आतां जो जुळला नाहीं तो हिशेब सांगतों. त्यासाठीं यवतमाळच्या ईशान्येस उमरेडपर्यंत जावें लागेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हें अभयारण्य २०१२ सालीं नागपूर व भंडारा जिल्ह्यांत घोषित झालें. पुढल्याच वर्षीं नागझिऱ्याच्या रानांत वाढलेला एक तरुण नर शंभरांहून अधिक किलोमीटर चालून तेथें आला व राहिला. ‘शोले’ चित्रपटांतील पात्रावरून त्याचें नांव ‘जय’ पडलें. त्याचा देह प्रचंड होता, आणि मोटारीस तो भीत नसे. त्यामुळें त्यास पाहण्यास दूरदूरचे लोक लोटूं लागले. गांवच्या तरुणांस वाटाड्याचें काम मिळालें, गाड्यांस भाडें मिळालें. ज्या रानाचें नांव नागपुरांतही फारसें कोणास ठाऊक नव्हतें, तें एका वाघानें प्रसिद्धीस आणलें.

२०१५ सालीं जयला कॉलर बांधली, ती बंद पडली. मार्च २०१६ मध्यें दुसरी बांधली. ता. १८ एप्रिल २०१६ रोजीं तिचा अखेरचा संकेत आला, व त्यानंतर कांहीं नाहीं. जयला दूरवर फिरण्याची संवय असल्यामुळें प्रथम फारसा गवगवा झाला नाहीं. जुलै महिन्यांत बातमी फुटली तेव्हां तीन महिने लोटले होते, आणि पावसानें माग धुवून टाकला होता. मग वनखात्याचे लोक, स्वयंसेवक व गांवकरी यांनीं जिल्हेच्या जिल्हे पिंजून काढले. कोणास त्याचा ठसा दिसला असें वाटलें, कोणीं तो अमुक रानांत पाहिल्याचें सांगितलें. वरिष्ठ चौकशीची मागणी झाली, विधिमंडळांत व वर्तमानपत्रांत वाद झाले. जय मिळाला नाहीं, त्याचा सांगाडा मिळाला नाहीं, कॉलरही मिळाली नाहीं.

काय झालें असावें? तीन तर्क संभवतात. दुसऱ्या नराशीं झुंजींत तो मेला असेल. परंतु मग यंत्र गळ्यांत असतां, व तें निदान कांहीं काळ बोलत असतां, प्रेत सांपडावयास हवें होतें. यंत्र बिघडलें व तो चालत दूर गेला असेल; यंत्रें बिघडतात, आणि पहिलें बिघडलेंच होतें. पण मग पुढील वर्षांत देशभर जे हजारों कॅमेरे लावले गेले त्यांपैकीं एखाद्यांत तरी त्याचे पट्टे उमटावयास हवे होते. तिसरा तर्क असा कीं त्यास मारण्यांत आलें व मारणारानें यंत्रासह सर्व नाहींसें केलें. यास पुरावा नाहीं; पण वाघ व यंत्र हीं दोन्ही एकदम मुकीं कां झालीं, याचें उत्तर या एकाच तर्कानें सरळ मिळतें. आम्हांस हाच तर्क अधिक संभवनीय वाटतो. तथापि जें वाटतें तें सिद्ध झालें असें म्हणतां येत नाहीं. जयचा जन्म २०१० च्या सुमाराचा. रानांतील वाघाचें आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचें. तो कोठें तरी सुखानें नांदत आहे ही आशा आतां बाळगण्यांत अर्थ उरलेला नाहीं.

आमचा कल तिसऱ्या तर्काकडे कां, याचें कारण जयच्याच मुलाच्या कथेंत आहे. त्याचें नांव श्रीनिवास. त्याच्याही गळ्यांत कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीडच्या बाजूस ती कॉलर सांपडली, पण वाघ तेथें नव्हता. त्यावरून तपास लागला, व एका शेतांत पुरलेला त्याचा देह जमिनींतून बाहेर काढण्यांत आला. शेताच्या तारेंत विजेचा प्रवाह सोडलेला होता. तीस लागून तो मेला. त्याच्या गळ्यांत कॉलर नसती, तर श्रीनिवासही आजपर्यंत ‘बेपत्ता’ राहिला असता.

ही तार काय आहे हें आमच्या ग्रामीण वाचकांस सांगणें नको. शहरांतील वाचकांसाठीं सांगतों. पीक पोटऱ्यांत आलें कीं रानडुकरांचे कळप व रोही रात्रीं शेतांत शिरतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत भुईसपाट होते. शेतकरी जागल करतो, डबे वाजवितो, पण रोज रात्रीं कोणाच्यानें जागवतें? मग कोणी तरी विजेच्या खांबावरून आंकडा टाकून धुऱ्यावरील उघड्या तारेंत प्रवाह सोडतो. डुकरासाठीं सोडलेल्या विजेस डुक्कर कोण व वाघ कोण हें कळत नाहीं. कित्येकदां शेजारचा शेतकरी, किंवा तार ओढणाराच, तिला बळी पडतो. सकाळीं तारेजवळ वाघ पडलेला पाहून शेतकऱ्याची भीतीनें गाळण उडते. वाघाच्या मृत्यूबद्दल तुरुंग आहे हें त्यास ठाऊक असतें. तो खड्डा खणतो. अशा रीतीनें ज्या वाघास मारण्याचा कोणाचाही हेतु नव्हता, तो कायमचा हरवतो. येथें दोष कोणाचा किती, हें आम्ही एका वाक्यांत ठरवूं इच्छीत नाहीं. ज्यास पिकाची भरपाई वेळेवर व पुरेशी मिळते, आणि ज्याच्या शेतास सौर कुंपण आहे, तो आंकडा टाकीत नाहीं एवढें मात्र खरें. त्या कुंपणाचा झटका बसतो, पण जीव जात नाहीं.

अर्थात् सर्वच मृत्यु असे अजाणतां होत नाहींत. आपल्याच जिल्ह्यांत, झरी-जामणी तालुक्याच्या मुकुटबन परिक्षेत्रांत, एप्रिल २०२१ मध्यें एका गुहेंत वाघीण मारलेली सांपडली. गुहेच्या तोंडाशीं आग लावून तिला आंत कोंडलें होतें, व तिचे पंजे तोडून नेले होते. ती गर्भिणी होती. हा देह गुहेंत होता म्हणून सांपडला. तो मिळता ना, तर ‘ही वाघीण स्थलांतर करून गेली असावी’ असें आपण सगळेच म्हणालों असतों, आणि वॉकरची कथा ऐकून आपला त्यावर सहज विश्वासही बसला असता. चालत गेलेल्या वाघांच्या आनंददायक कथा ऐकतांना ही एक गोष्ट आमच्या मनांत सलत राहते.

येथें एखादा पालक विचारील कीं, वाघांच्या या चौकशा ठीक आहेत, पण माणसांचें काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि पांढरकवडा-राळेगांवच्या लोकांनीं तो रडून विचारलेला आहे. २०१६ ते २०१८ या काळांत त्या रानाच्या आसपास गुरें चारावयास किंवा शेतांत गेलेलीं माणसें सायंकाळीं परतलीं नाहींत. शोधावयास गेलेल्यांस त्यांचीं प्रेतें मिळालीं. १३ मनुष्यांच्या मृत्यूचा ठपका टी-१ याच खुणेच्या, पण दुसऱ्या एका वाघिणीवर आला. लोक तिला ‘अवनी’ म्हणूं लागले. तीच ती करणारी काय, हें ठरविण्यास फार वेळ गेला. कांहीं प्रकरणांत डी.एन.ए. तपासणीचा आधार मिळाला, कांहींत संशय राहिला, कारण त्याच भागांत एक नरही हिंडत होता. तिला पकडण्यासाठीं कॅमेरे लावले, हत्ती आणले, कुत्रे आणले, आणि वाघांस आवडतें म्हणून एक विलायती अत्तरही झाडांवर शिंपडलें! घाणेरीच्या जाळ्यांनीं भरलेल्या त्या रानांत ती महिनोन्‌महिने कोणाच्या हातीं लागली नाहीं. ता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं बोराटीजवळ तिला गोळी घालण्यांत आली. तिचीं दोन पिल्लें तेव्हां वर्षाचींही नव्हतीं. त्यांतील मादी डिसेंबरांत पकडून पेंचला नेली, नर रानांतच राहिला. या प्रकरणांत वनखात्याचें बरोबर होतें कीं प्राणिमित्रांचें, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. आम्हांस त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, कोणता वाघ कोणत्या दिवशीं कोठें होता हें जर आरंभापासून ठाऊक असतें, तर पहिल्या दोनतीन मृत्यूंनंतरच योग्य तें जनावर वेगळें काढतां आलें असतें, आणि पुढें ज्या घरांतून हाका मारीत पांदणीपर्यंत जावें लागलें, त्यांपैकीं कित्येक घरें वांचलीं असतीं. वाघाचा पत्ता ठेवणें हें वाघापुरतें काम नाहीं.

म्हणून गांवांतील मुलामुलींचें लक्ष या कामीं फार उपयोगी पडतें. यंत्रें चुकतात, पण नाल्यांत पाण्याजवळचा ताजा ठसा, झाडावर नखांचे ओरखडे, धुऱ्यावर न शोभणारी तार, रानवाटेवर मोटारसायकलच्या तारेचा लावलेला फास, हीं गुराख्याच्या पोरास जितक्या लवकर दिसतात तितकीं कोणास दिसत नाहींत. टिपेश्वरांत गळ्यांत फास रुतलेली वाघीण हिंडतांना दिसल्याचे प्रसंग अलीकडे घडले आहेत. तो फास लावतांना कोणी ना कोणी पाहिला असेलच. पाहिलेलें सांगावें, वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यासाठींच आहे. फास किंवा तार आपण हातानें काढावयास जाऊं नये, आणि ठशाच्या मागोमाग तर मुळींच जाऊं नये.

जयची चौकशी कागदोपत्रीं केव्हांच थंड झाली. पण एक दार उघडें आहे. देशांतील वाघांचीं चित्रें राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या व भारतीय वन्यजीव संस्थेच्या विद्यमानें एका ठिकाणीं सांठविलेलीं असतात. वाघाचें कातडें कोठेंही पकडलें गेलें, मग तें आपल्या जिल्ह्यांत असो कीं नेपाळच्या सरहद्दीवर असो, तर त्यावरील पट्टे या चित्रांशीं ताडून तो वाघ कोणत्या रानांतला हें सांगतां येतें. या रीतीनें पूर्वीं अनेक वाघांचीं ठिकाणें उघड झालीं आहेत. वाघ मेला तरी पट्टे पुसले जात नाहींत. जयच्या दोन्ही कुशींचीं शेंकडों चित्रें लोकांनीं काढून ठेविलेलीं आहेत.